कसोटी मालिकेचा मालिकावीर कसा निवडायचा? आमच्या नागपूरच्या कट्ट्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धरमपेठेतल्या आमच्या कट्ट्यावर प्रत्येक कसोटी मालिका संपली की मालिकावीरासाठी मतं घेतली जातात. अधिकृत निवड काय झाली याच्याशी आमचा संबंध नसतो. बक्षीस वगैरे काही नाही. ज्यांचा उमेदवार पडला त्यांनी तर्री-पोहे खिलवायचे, एवढंच. पण दर वेळी तेच प्रश्न येतात आणि तोच वाद पहिल्या चेंडूपासून सुरू होतो, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. काही उत्तरं कट्ट्याचे नियम आहेत, काही निव्वळ माझी मतं. कोणतं काय, ते वाचताना कळेलच.

मालिकावीर अधिकृतपणे ठरवतं कोण? क्रिकेटच्या नियमांत काही लिहिलंय का?

काहीही नाही. क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीच्या ४२ नियमांत नाणेफेकीपासून खेळाडूंच्या वर्तनापर्यंत सगळं आहे, पण मालिकावीर हा प्रकारच नाही. हा पुरस्कार यजमान मंडळ, प्रायोजक आणि प्रक्षेपण करणाऱ्यांच्या व्यवस्थेचा भाग. सहसा समालोचक किंवा माजी खेळाडूंची छोटी समिती नाव ठरवते, आणि बऱ्याचदा शेवटचा दिवस संपायच्या आधीच ठरवून मोकळी होते.

इंग्लंडमध्ये वेगळी पद्धत दिसते. तिथे प्रत्येक संघाचा प्रशिक्षक समोरच्या संघातला एक खेळाडू निवडतो, म्हणून दोन मालिकावीर होतात. २०२५ ची भारत-इंग्लंड मालिका २-२ अशी सुटली तेव्हा इंग्लंडच्या मॅक्युलमने शुभमन गिलला निवडलं (७५४ धावा) आणि भारताच्या गंभीरने हॅरी ब्रूकला (४८१ धावा). रूटच्या धावा ५३७ होत्या, आणि हे ब्रूकनेच बोलून दाखवलं! पाचही कसोट्या खेळून २३ बळी घेणाऱ्या सिराजला, ज्याने ओव्हलची ६ धावांनी जिंकलेली कसोटी ओढून आणली, सामनावीरावर समाधान मानावं लागलं. आमच्या कट्ट्यावर तेव्हा सिराज निवडून आला होता. पोहे गिलवाल्यांनी दिले.

मग कट्ट्याचा निकष काय? जास्त धावा, जास्त बळी?

आकडे पाहायचे, पण तिथून सुरुवात करायची, तिथे थांबायचं नाही. आम्ही मत देणाऱ्याला दोन गोष्टी विचारतो. समोरच्या संघाचं सगळ्यात जास्त नुकसान कोणी केलं? आणि तो मैदानावर नव्हता तेव्हा काय झालं?

पहिला प्रश्न आम्ही भारताचे तेव्हाचे प्रशिक्षक रवी शास्त्रींकडून उचलला म्हणा. २०१८ मध्ये भारत इंग्लंडमध्ये ४-१ ने हरला. विराटने ५९३ धावा केल्या आणि इंग्लंडच्या प्रशिक्षकाने त्याला निवडलं, त्यात नवल नाही. पण भारताकडून शास्त्रींनी निवडलं इंग्लंडच्या सॅम करनला. आकडे बघितले तर २७२ धावा आणि ११ बळी, एवढ्यावर कोणी ढुंकूनही पाहणार नाही. पण त्या धावा कधी आल्या ते पाहा. बर्मिंगहॅमला दुसऱ्या डावात इंग्लंड ७ बाद ८७ होतं, करनने ६३ केल्या, आणि भारत ३१ धावांनी हरला. साउदॅम्प्टनला पहिल्या डावात ६ बाद ८६ होते, याने ७८ केल्या, आणि भारत ६० धावांनी हरला. दोन्ही वेळा भारताने इंग्लंडची मान धरली होती, आणि दोन्ही वेळा या विशीतल्या पोराने ती सोडवली.

आता दुसरा प्रश्न लावा. पाच कसोट्यांपैकी एकाच कसोटीत करनला बाहेर बसवलं, नॉटिंगहॅमला. भारताने जिंकलेली एकमेव कसोटी तीच. योगायोगाचा भाग आहेच, स्टोक्स परत आला म्हणून याला जागा सोडावी लागली होती; पण इतका सोयीचा पुरावा रोज मिळत नाही.

२०२४-२५ मध्ये ऑस्ट्रेलियात बुमराचं उलट्या बाजूने तेच झालं. पर्थला त्याने कप्तानी करत ८ बळी घेतले आणि भारत जिंकला. मालिकेत एकूण ३२ बळी. सिडनीला पाठीने दगा दिला, दुसऱ्या डावात तो गोलंदाजीला उतरू शकला नाही, आणि ऑस्ट्रेलियाने १६२ धावा करून मालिका ३-१ ने खिशात घातली. मत देताना दहा मिनिटंही वाद झाला नाही.

हरलेल्या टीमच्या माणसाले मत देनं चालते का भाऊ?

चालते. बिनधास्त द्या.

आणि नागपूरकरांनी तरी हा प्रश्न विचारू नये. २००० साली सिव्हिल लाइन्सच्या जुन्या व्हीसीए (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) मैदानावर झिम्बाब्वेला फॉलोऑन मिळाला होता. अँडी फ्लॉवरने नाबाद २३२ करून कसोटी वाचवली. याच कसोटीत सचिनने नाबाद २०१ आणि द्रविडने १६२ केल्या होत्या, तरी लक्षात राहतो तो फ्लॉवर. दोन कसोट्यांत ५४० धावा, बाद दोनदा, आणि वरून यष्टिरक्षणही तोच करत होता. मालिका भारताने १-० ने जिंकली.

तरीही एक अट सांगतो, ही माझी स्वतःची आहे. हरलेल्या संघाच्या खेळाडूने किमान सामना अडवून धरलेला असावा. निकाल लागून गेल्यावर, समोरचे गोलंदाज दमल्यावर काढलेलं शतक मी अर्ध्याच किमतीत धरतो.

सामनावीर जास्त वेळा झाला तोच मालिकावीर, असं का नाही?

कारण सामनावीर पाच दिवसांचा असतो आणि मालिकावीर महिन्या-दीड महिन्याचा. २००८ ची जामठ्याची, म्हणजे नागपूरच्या नव्या मैदानावरची, पहिलीवहिली कसोटी आठवा. लोकांच्या डोक्यात ती गांगुलीची शेवटची कसोटी म्हणून आहे, पण सामनावीर होता ऑस्ट्रेलियाचा फिरकीपटू जेसन क्रेझा. पदार्पणात २१५ धावांत ८ आणि १४३ धावांत ४, म्हणजे ३५८ धावा देऊन १२ बळी. इतका मार खाऊन इतके बळी घेतलेला माणूस पुन्हा पाहायला मिळणं कठीण. त्याने कारकिर्दीत कसोट्या खेळल्या दोनच. मालिकावीर मात्र इशांत शर्मा, बळी १५. आकडा छोटा वाटतो ना? पण खेळपट्टीत काही नसताना जुना चेंडू रिव्हर्स (उलट्या दिशेने) स्विंग करून त्याने आणि झहीरने जे केलं, त्याने मालिका कलंडली.

त्याच मालिकेतला गंभीर (तेव्हा खेळाडू) हा आमच्याकडचा कायमचा वाद आहे. ४६३ धावा, दिल्लीत द्विशतक. पण तिथेच वॉटसनला कोपर मारल्याबद्दल बंदी आली आणि तो नागपूरला खेळलाच नाही. त्याच्या जागी मुरली विजयने पदार्पण केलं आणि भारत १७२ धावांनी जिंकला. आमचा दुसरा प्रश्न इथे गंभीरच्या विरोधात जातो. कट्ट्यावर काही जण म्हणतात की वर्तनाचे गुण कापू नयेत. नाही कापत. पण स्वतःच्या करणीने निर्णायक कसोटी हुकली तर ती हुकलेली कसोटी हिशोबात धरावीच लागते.

मी मॅच जामठ्याला बसून पाहिली. माझ्या मताला जास्त वजन काहून नाही?

कारण तुम्ही एकच कसोटी पाहिली, भाऊ. उरलेल्या तुमच्या टीव्हीवर झाल्या.

२०१२ चं उदाहरण देतो. इंग्लंडने भारतात येऊन २-१ ने मालिका जिंकली, शेवटची कसोटी नागपूरला. मालिकावीर अ‍ॅलिस्टर कुक, ५६२ धावा. त्यातल्या नागपूरला किती? १ आणि १३. अहमदाबादला फॉलोऑननंतर १७६, मुंबईला १२२, कोलकात्याला १९०, आणि आपल्याकडे येईस्तोवर बिचाऱ्याचा कोटा संपला होता. जामठ्यावर बसलेल्या माणसाने ट्रॉटचं शतक पाहिलं, बेलचं पाहिलं, कोहलीचं पाहिलं, पदार्पणात तासन्‌तास खेळून ७३ करणारा जो रूट पाहिला. सामनावीर अँडरसन झाला. कुकचं जे एक काम नागपूरकरांना आठवतं ते म्हणजे त्याच्या थेट फेकीवर ९९ वर धावबाद झालेला धोनी, आणि ते आठवण्याचं कारण कौतुक नाही.

स्टेडियममध्ये पाहिलेली खेळी डोक्यात मोठी होते. वर्धा रोडने उन्हात तिथवर जाऊन, तपासणीच्या रांगेत उभं राहून पाहिलेली तर आणखीच मोठी. मत देण्याआधी बाकीच्या कसोट्यांची धावफलकं समोर ठेवा, एवढंच म्हणणं आहे.

खेळपट्टी फिरकीला आंदण दिलेली असेल तर बळींची किंमत कमी धरायची का?

हा प्रश्न नागपूरला सोडून दुसऱ्या कोणत्या गावाने विचारायचा! २०१५ ची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी तीन दिवसांत संपली. आफ्रिका पहिल्या डावात ७९. दोन्ही संघांच्या चारही डावांत मिळून एकही अर्धशतक नाही, सर्वाधिक वैयक्तिक धावसंख्या मुरली विजयच्या ४०. आयसीसीने खेळपट्टी निकृष्ट ठरवली. अश्विनने त्या कसोटीत ९८ धावांत १२ आणि मालिकेत ३१ बळी घेतले, आणि तो मालिकावीर झाला.

‘त्या आखाड्यावर कोणीही घेतले असते’ हे वाक्य आमच्या कट्ट्यावर दर हिवाळ्यात कोणीतरी म्हणतं. माझं उत्तर असं, की मग दुसऱ्यांनी घेतले का ते पाहा. खेळपट्टी दोन्ही संघांना तीच होती. आफ्रिकेच्या ताहिरने दुसऱ्या डावात ३८ धावांत ५ घेतले, म्हणजे मदत होती हे खरंच. पण संपूर्ण मालिका घेतली तर जडेजाचे २३ आणि अश्विनचे ३१. बेंगळुरूची कसोटी पहिल्या दिवसानंतर पावसात वाहून गेली, तरीही ३१. खेळपट्टीचा फायदा सगळ्यांना समान वजा करा, वर जो उरतो तो उरतोच.

त्या मालिकेत खरा प्रतिस्पर्धी होता तो रहाणे. दिल्लीत दोन्ही डावांत शतकं, जेव्हा बाकीच्यांना तीस काढणं जड जात होतं. वाईट खेळपट्टीवर फलंदाजाची किंमत वाढवा, गोलंदाजाची घटवू नका, असं मी म्हणतो. सगळ्यांना पटत नाही.

याची दुसरी बाजूही नागपूरलाच झाली आहे. २००४ मध्ये जुन्या मैदानावर हिरवीगार खेळपट्टी मिळाली, गांगुली खेळला नाही, गिलेस्पीने ९ बळी घेतले, आणि ऑस्ट्रेलियाने ३४२ धावांनी कसोटी जिंकून ३५ वर्षांनी भारतात मालिका जिंकली. मालिकावीर मात्र गिलेस्पी नाही, डेमियन मार्टिन: त्या नागपूर कसोटीत ११४ आणि ९७, मालिकेत ४४४ धावा. मार्टिन इतका शांतपणे खेळायचा की तो कधी सत्तरीत गेला ते कळायचं नाही. गवतावर वेगवान गोलंदाज बळी घेणारच होते. त्या खेळपट्टीवर आणि त्याआधी चेन्नईच्या फिरकीसमोरही शतक करणारा एकच होता.

दोनच कसोट्यांची मालिका असली तरी मत घ्यायचं का?

घेतो. पण एका चांगल्या आठवड्यावर माणूस निवडून येतो, हे माहीत असू द्या. हाशिम आमला अपवाद. २०१० ला नागपूरला नाबाद २५३, मग कोलकात्याला ११४ आणि नाबाद १२३. ४९० धावा, बाद एकदाच, म्हणून सरासरीही ४९०. दोन्ही कसोट्यांचा सामनावीर तोच, मालिकावीरही तोच, आणि कोलकात्याची कसोटी तर त्याचा संघ डावाने हरला. सचिन आणि सेहवाग दोघांनीही त्या मालिकेत दोन-दोन शतकं केली होती. वादाला जागाच नव्हती, त्यामुळे मजाही आली नाही.

२०१८ ले आपल्या उमेशले काहून नाही भेटलं?

वेस्ट इंडीजविरुद्धची दोन कसोट्यांची मालिका. मालिकावीर पृथ्वी शॉ: पदार्पणात राजकोटला १३४, मग हैदराबादला ७० आणि नाबाद ३३. उमेश यादवने हैदराबादला १० बळी घेतले आणि सामनावीर झाला.

विदर्भाचा म्हणून मत देऊ नका, ही कट्ट्याची सक्त ताकीद आहे. तरी या बाबतीत उमेशची बाजू खरोखर भक्कम आहे. राजकोटची कसोटी भारताने एक डाव आणि २७२ धावांनी जिंकली. शॉ शून्यावर बाद झाला असता तरी जिंकली असती. हैदराबादला पहिल्या डावात शार्दूल ठाकूर १० चेंडू टाकून जायबंदी झाला आणि वेगवान माऱ्याचं सगळं ओझं एकट्या उमेशवर पडलं. घरच्या खेळपट्टीवर, फिरकीच्या देशात, एकट्या वेगवान गोलंदाजाने ६ आणि ४ बळी. माझं मत उमेशला होतं आणि मी त्याच्या खापरखेड्याचा नाही.

अष्टपैलूला झुकतं माप द्यायचं का?

झुकतं नाही, पण दोन्ही बाजू जमेस धरा. २०१० च्या न्यूझीलंड मालिकेत हरभजन मालिकावीर झाला, तेही फलंदाजीच्या जोरावर! अहमदाबाद आणि हैदराबादला लागोपाठ शतकं. नागपूरच्या शेवटच्या कसोटीत द्रविडने १९१ केल्या आणि भारत डावाने जिंकला, पण तोवर भज्जीचं नाव पक्कं झालं होतं. गोलंदाज म्हणून भज्जी त्या मालिकेत साधाच होता.

विभागून मत देता येईल?

नाही.

अधिकृत पुरस्कार विभागून देतात आणि अनेकदा ती पळवाट असते. २०२३ च्या ऑस्ट्रेलिया मालिकेत अश्विन (२५ बळी) आणि जडेजा (२२ बळी आणि १३५ धावा) दोघांना दिला. ते मात्र समजण्यासारखं आहे, कारण एकाने धावा रोखल्या की दुसऱ्याला बळी मिळायचा. कोणाचा बळी कोणाच्या खात्यात लिहायचा हाच प्रश्न. नागपूरला पहिल्या डावात जडेजाने ५ घेतले, दुसऱ्या डावात अश्विनने ५. तरीही आम्ही एकच नाव मागितलं आणि जडेजा निसटत्या फरकाने आला, त्याच्या नागपूरच्या ७० धावांमुळे.

अर्धीच मालिका खेळलेला चालेल?

निम्म्याहून जास्त कसोट्या खेळलेला हवा. २०२३ च्या अ‍ॅशेसमध्ये (इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिका) इंग्लंडचा ख्रिस वोक्स पाचांपैकी तीन खेळला, १९ बळी घेतले आणि मालिकावीरांत आला. इंग्लंड पहिल्या दोन कसोट्या हरलं होतं, त्याच्याशिवाय.

पुजारासारख्याचं काय? त्याचं काम धावफलकात दिसतच नाही.

दिसतं, चेंडूंच्या रकान्यात. २०२०-२१ ला ऑस्ट्रेलियात त्याच्या धावा २७१, खेळलेले चेंडू ९२८. ब्रिस्बेनला अंगावर चेंडू झेलत ५६ काढल्या, मग पंतने सामना जिंकून दिला. मालिकावीर झाला २१ बळी घेणारा कमिन्स, आणि त्या मालिकेत पुजाराला सर्वांत जास्त त्रास त्यानेच दिला होता, त्यामुळे तक्रार करता येत नाही. २०१८-१९ ला ५२१ धावा केल्या तेव्हा पुजाराला मिळाला. नुसता टिकून राहणारा फलंदाज मालिकावीर होणं कठीण; त्याने थकवलेल्या गोलंदाजांवर दुसरा कोणीतरी हात धुऊन घेतो. चेंडू मोजा, सत्रं मोजा, आणि मग ठरवा.

सर्वाधिक वेळा मालिकावीर कोण?

मुरलीधरन आणि अश्विन, प्रत्येकी ११ वेळा. त्यांच्यामागे कॅलिस, ९. अश्विनच्या ११ मधल्या २०१५ आणि २०२३ च्या मालिकांत नागपूरची कसोटी होती, हे आम्ही पाहुण्यांना आवर्जून सांगतो.

रणजीसाठीही हीच पद्धत का?

ती मालिका नाही, स्पर्धा आहे, पण विदर्भ जिंकला की मत घेतल्याशिवाय राहवत नाही. २०२४-२५ ला अंतिम सामना जामठ्यावर, केरळविरुद्ध, पहिल्या डावाच्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा आपला. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू हर्ष दुबे: ६९ बळी, एका रणजी हंगामातला विक्रम, आणि वर ४७६ धावा. यश राठोडच्या ९६० धावा होत्या आणि त्याचे समर्थक अजून बोलतात. पण ६९ बळी म्हणजे समोरचा संघ दोनदा बाद करण्याची हमी आणि चार दिवसांच्या सामन्यात त्याहून महाग काही नाही.

मत कधी आणि कसं द्यायचं?

शेवटच्या कसोटीनंतर दोन दिवसांनी, एक नाव आणि एका ओळीत कारण. दोन दिवस मुद्दाम ठेवले आहेत. शेवटच्या डावाची झिंग तेवढ्यात उतरते. कारण न लिहिलेलं मत बाद. ‘तो माझा आवडता आहे’ हे कारण धरत नाही. मतांची बरोबरी झाली तर ज्याचा संघ मालिका हरला त्याला पसंती, कारण जिंकलेल्याला करंडक मिळालेलाच असतो. मालिका बरोबरीत सुटली आणि मतंही समान पडली तर दोन्ही बाजूंनी पोहे द्यायचे.